येथे चोरीचे गेम टाकून मिळणार नाहीत

तळोद्याला डोंगरात जाणाऱ्या जीपा भरेपर्यंत जिथे थांबतात, तिथे समोर एक दुरुस्तीची टपरी आहे. टपरीला नाव नाही. दर्शनी भागात हाताने रंगवलेली एकच पाटी आहे : ‘येथे चोरीचे गेम टाकून मिळणार नाहीत.’ जीपमध्ये बसलेली माणसं ती वाचून हसतात. बाकीचे दुकानदार आपल्याकडे काय मिळतं ते लिहितात आणि हा काय मिळत नाही ते लिहितो, म्हणून तळोद्यात त्याला अर्धवट समजतात.

पाटी त्याने रंगवली, पण तिचं कारण मी आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी त्याच्याविरुद्ध एक वाक्य लिहिलं होतं, ही पाटी त्या वाक्याला दिलेलं उत्तर आहे. आज मी एकाहत्तर वर्षांचा आहे, प्रकाशा गावात माझ्या घरी असतो आणि नदीकाठी फिरताना लोक मला अजून ‘हेडसर’ म्हणून नमस्कार करतात. त्या नमस्काराला मी कितपत लायक आहे, हे त्यांना कळावं म्हणून हे लिहितो आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका आश्रमशाळेत मी मुख्याध्यापक होतो आणि तो मानधनावरचा प्रयोगशाळा परिचर. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. मुलं त्याला ‘सर’ म्हणायची. परिचराला सर म्हणू नये, असं मी प्रार्थनेच्या वेळी दोनदा बजावलं. तो मागच्या ओळीतून म्हणाला, “माले काहीबी म्हना रे, फक्त मांगं तव्हय पक्कड द्या.”

कानावर शिंपी पेन्सिल ठेवतात तसा त्याच्या कानावर स्क्रू-ड्रायव्हर असे. पिशवीत स्टीलचा मसाल्याचा डबा. हळदीच्या वाटीत सर्वांत बारीक स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत त्याहून मोठे, मोहरीच्या वाटीत स्प्रिंगा. माणसांना तो ‘अरे’ म्हणायचा, यंत्रांना ‘अहो’. बंद पडलेल्या पंख्याखाली स्टुलावर उभं राहून “अहो, उठा ना आते, पोऱ्या वाट दखी ऱ्हायनात,” असं विनवताना मी त्याला ऐकलं आहे. यंत्र सुरू होईपर्यंत तो चहा पीत नसे. त्यामुळे त्याचा चहा बहुधा गारच असायचा.

आणि चिठ्ठी. कोणतीही गोष्ट करायची तर त्याला चिठ्ठी लागायची. ट्यूबलाइट बदलायची असली तरी दारात येऊन उभा. “हेडसर, चिठ्ठी द्या.”

“अरे, सांगितलं ना, बदल म्हणून.”

“तोंडी परवानगी वारावर उडी जास. चिठ्ठी द्या.”

मग मी उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या भागावर ‘परवानगी आहे’ असं लिहून सही करायचो. अशा शेकडो चिठ्ठ्या मी त्याला दिल्या असतील. त्यातल्या एका चिठ्ठीची ही गोष्ट आहे.

एका वर्षी परदेशात स्थायिक झालेल्या कुणा दात्याने शाळेला बारा गेम कन्सोल पाठवले. हातात मावतील अशी, पडदा आणि बटणं असलेली, खेळ खेळण्याची यंत्रं. दात्याला वाटलं असेल, मुलं खूश होतील. पण ती सुरू केली की आधी इंटरनेट मागत, मग प्रत्येक मुलाचा ईमेल, मग इंग्रजीत कसली तरी संमती. आमच्याकडे दिवसाचे सात तास वीजच नसायची. मी बाराही यंत्रांची जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत नोंद केली, त्यांना खोक्यांत घातलं आणि खोक्यांवर कागदी सील लावलं. सील शाबूत असणं म्हणजे वस्तू सुरक्षित असणं, अशी आमची समजूत. वापरलेली वस्तू तपासणीत अडचणीची ठरते, न वापरलेली कधीच नाही.

त्याला ते बघवेना. आठवड्याच्या दर सुट्टीला तो जीपने शहाद्याला जाऊन सायबर कॅफेत बसू लागला. तिथे जगभरातली त्याच्यासारखीच माणसं अशी यंत्रं उघडून आपापली माहिती लिहून ठेवत. तो ती पेन्सिलीने वहीत उतरवून आणायचा. ज्यांना त्याने कधी पाहिलं नाही त्या सगळ्यांना तो ‘भाऊ’ म्हणायचा. “कोठला शे माहीत नही, पन भारी भाऊ शे. त्यानी वाट दखाडी.”

महिन्याभराने तो माझ्या दारात उभा राहिला. कंपनीने मान्य केलेलेच खेळ चालावेत, म्हणून या यंत्रांत एक कुलूप असतं. ते काढलं, तर आपण स्वतः लिहिलेला प्रोग्राम त्यावर चालतो. याला होमब्रू म्हणतात, असं त्याने मला सांगितलं आणि मला काही कळलं नाही हे पाहून म्हणाला, “हाटेलमा सगळी भांडी त्यासनी, चूलबी त्यासनी. आपन आपली भाकर आपला तवावर टाकतस. बस.”

“पण याचा शाळेला उपयोग काय?”

त्याने वर्गाकडे बोट केलं. दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. धडगावच्या वरच्या पाड्यावरून आलेली. दीड वर्षात ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. घरी पावरी बोलणाऱ्या या मुलांच्या हातात आम्ही थेट प्रमाण मराठीचं पुस्तक द्यायचो आणि ती गप्प बसली की हुशारीत कमी असा शेरा लिहायचो. मी स्वतः घरी अहिराणी बोलणारा. तीस वर्षं डोंगराच्या कडेला नोकरी केली, पण पावरी मला आली नाही. यायला हवी असं कधी वाटलंही नाही.

“यंत्र मुकं नही शे आन पोरगीबी मुकी नही शे,” तो म्हणाला. “दोन्हीसले आपन त्यासनी भाषामा इचारं नही. चिठ्ठी द्या.”

मी लिहून दिलं, ‘कन्सोल उघडून स्वतःचे प्रोग्राम टाकण्यास परवानगी आहे.’ खाली सही, तारीख.

पुढचं काम त्याने शाळेच्या स्वयंपाकघरात केलं. आमच्या स्वयंपाकीण मावशी पावरी बोलणाऱ्या. बोटभर उंचीच्या टेपरेकॉर्डरपुढे त्याने त्यांना बसवलं आणि शब्द बोलून घेतले. भाकर, पाणी, कोंबडी, ढग, आई. पडद्यावर चित्रं यायची, मावशी पावरीत शब्द विचारायच्या, मुलाने बरोबर चित्र दाबलं की खाली मराठी शब्द उजळायचा. चूक झाली की मावशी रागवायच्या. जेवताना सांडणाऱ्या पोरांना ओरडायच्या तोच खरा ओरडा त्याने चोरून टिपला होता. पावरीतला तो ओरडा मला लिहिता येणार नाही, पण त्याचा अर्थ साधारण ‘डोळे ताटात आहेत की पाखरात?’ असा आहे. मुलं तो ऐकण्यासाठी मुद्दाम चुकायची.

होळीला तो मुलांबरोबर काठी गावाला गेला. सगळं गाव नाचणाऱ्यांकडे बघत होतं आणि हा मोठ्या ढोलाजवळ मोबाईल रुमालात गुंडाळून धरून उभा. दहा उत्तरं बरोबर आली की यंत्रातून काठीचा ढोल वाजायचा. वर्गात बसलेल्या मुलांचे पाय आपोआप हलायचे.

त्या होळीनंतर एका दुपारी ती मुलगी माझ्या कार्यालयाच्या दारात आली, कौलावरच्या पाखराकडे बोट केलं आणि म्हणाली, “चिमणी.” एवढंच, आणि पळून गेली. मी व्हरांड्यात आलो तेव्हा तो भिंतीला टेकून गार चहा पीत होता.

एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. पण दारातूनच. त्या बारांपैकी एकही यंत्र मी कधी हातात घेतलं नाही. ते मुलांचं काम, असं मला वाटायचं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आता चोरीच्या खेळांबद्दल. आमच्या खेळाच्या शिक्षकांनी त्याला एकदा गाड्यांच्या शर्यतीचा प्रसिद्ध खेळ फुकट टाकून मागितला. “कुलूप तर काढलंच आहेस. कुणाला कळणार आहे?”

“माले तर कळी ना,” तो म्हणाला. “कुलूप मी काढं ते मन्हं घरनं ठेवाकरता. दुसरानं उचलाकरता नही.”

“मोठा हरिश्चंद्र लागून गेलास.”

“हरिश्चंद्र कोठला. पन मी येक डाव दुसरानं टाकं, तर लोक मन्हंबी चोरीनं म्हनतीन.”

त्याचा अंदाज चुकला नाही. फक्त तसं म्हणणारा मी निघालो.

तपासणीला वरिष्ठ अधिकारी आले, तेव्हा दुसरीचा वर्ग यंत्रांवर खेळत होता. त्यांनी एका मुलाच्या हातातून यंत्र काढून घेतलं. पडद्यावर कोंबडी होती, कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. सील तुटलेलं होतं. “हे काय आहे? यात चोरीचं सॉफ्टवेअर भरलंय का? कोणाच्या परवानगीने?”

माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती. तीस वर्षांत माझ्यावर एकही ठपका नव्हता आणि त्याचा मला फार अभिमान होता. मी म्हणालो, “मला कल्पना नाही.” त्यांनी लेखी मागितलं. मी लिहिलं : ‘सदर कर्मचाऱ्याने मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय यंत्रांत चोरीचे खेळ भरले.’ एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी. मी लिहीत असताना तो तिथेच, टेबलाच्या पलीकडे उभा होता. मी मान वर केली नाही. जाताना तो फक्त एवढं म्हणाला, “हेडसर, यंत्रं चालू ठेवज्यात.”

पुढच्या महिन्यापासून त्याचं मानधन बंद झालं. यंत्रं चालू ठेवण्याची हिंमत मला झाली नाही. मी ती खोक्यांत घातली आणि धान्याच्या खोलीतल्या कपाटाला कुलूप लावलं.

दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. गळ्यात हार असतानाच नव्या मुख्याध्यापकांना वस्तू ताब्यात द्यायला गेलो. कपाट उघडलं. बारा खोकी होती आणि बाराही रिकामी. मी एकेक खोकं उलटं करून बघितलं. तेवढ्यात मागून मावशी आल्या. हातात पिठाची परात, परातीत ओळीने मांडलेली बारा यंत्रं, पुसून लख्ख केलेली.

“सर, तू कुलूप लावलं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या भाषेत सगळ्यांनाच ‘तू’. “पण ही दाळ-तांदळाची खोली माझी. कपाटाची दुसरी चावी माझ्या कमरेला. पोरं रोज जेवणाआधी खेळतात. बॅटरी फुगली की तो तळोद्याहून नवी देतो.”

दोन वर्षांत खेळ एक दिवसही थांबला नव्हता. मला हसू आलं आणि त्याच वेळी लाज वाटली. तेव्हा खरं बोलता आलं असतं, गावातले पन्नास लोक समोर होते. पण माझ्या निष्कलंक सेवेबद्दल भाषणं व्हायची होती. मी जाऊन खुर्चीवर बसलो आणि ती ऐकली.

तो तळोद्याला टपरी टाकून बसला होता. ठपक्याची बातमी त्याच्या आधीच तिथे पोचली होती आणि लोकांना ती सोयीची वाटली. “ओ मिस्त्री, फुकटना गेम टाकी द्या ना,” म्हणून रोज चार जण यायचे. म्हणून ती पाटी. तो नुसतं वर बोट दाखवायचा. “पाटी वाच भो.”

कालांतराने त्या कंपनीने त्या जुन्या यंत्रांसाठीचं ऑनलाइन दुकान बंद केलं. घराघरांतली तसली यंत्रं अडगळीत गेली. आमच्या शाळेतली बारा मात्र चालतच राहिली. आणि तो नव्या पिढीचं मोडकं यंत्र कुठून तरी मिळवून त्याच्यावरही मावशींचा आवाज चढवण्याच्या खटपटीला लागला. मी त्याला एकदा जीप स्टँडवर विचारलं होतं, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, मग हा खटाटोप कशाला?

“मोबाईल बापना ऱ्हास,” तो म्हणाला. “बाप गुजरातमा ऊस तोडाले गया, का मोबाईलबी गया. सहा महिना पोरगं कोरडं. हाई यंत्र कोठेच जात नही. याले जाहिरात येत नही, इंटरनेट लागत नही, जुनं व्हयनं म्हनीसन कोनी बंदबी करी शकत नही. आपलं घरनं शे ना!”

यंदा उन्हाळ्यापूर्वी एक तरुण शिक्षिका प्रकाशाला माझ्या घरी आली. “सर, ओळखलंत?” मी ओळखलं नाही. ती म्हणाली, “चिमणी.”

तीच. आता ती आमच्याच शाळेत पहिलीला शिकवते. तिच्या वर्गात ती बारा यंत्रं आहेत. तिने पिशवीतून एक झेरॉक्स काढली. शाळेतल्या जुन्या वस्तू भंगारात काढण्यासाठी समिती येणार होती आणि यंत्रांच्या फाइलीत माझं ते वाक्य होतं. चोरीचं सॉफ्टवेअर असलेली वस्तू शाळेत ठेवता येत नाही, म्हणून बाराही यंत्रं मोडीत जाणार होती.

“सर, चोरीचे खेळ नव्हते, ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पण ‘परवानगीशिवाय’ हे तुम्ही कसं लिहिलंत?” त्या एका शब्दावर ती का थांबली, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी त्याच दिवशी तळोद्याला गेलो. तो पडद्याची काच बसवत होता. मी स्टुलावर बसलो आणि म्हणालो, “मी तुमच्यावर खोटं लिहिलं.” पूर्वी मी त्याला ‘अरे’ म्हणायचो.

“माले माहीत शे,” तो काचेवरची नजर न काढता म्हणाला. “मी तठेच व्हतू.”

“चिठ्ठी होती तुमच्याकडे. दाखवली का नाही?”

“आपन दोन्ही गयात, तर यंत्रं कोन सांभाळी?”

“मी तरी कुठे सांभाळली?”

“तुम्ही नही. मावशीनी सांभाळी. पन ते माले आधी कसं माहीत पडी?” आणि तो इतका हसला की हळदीच्या वाटीतले स्क्रू सांडले. ते आम्ही दोघांनी ओणवे होऊन गोळा केले. चिठ्ठीचं विचारलं, तर म्हणाला, तपासणीनंतर त्याच आठवड्यात ती शर्टाबरोबर धुतली गेली.

समिती आली त्या दिवशी पहिलीच्या वर्गात दाटी झाली. तीन अधिकारी, नवे मुख्याध्यापक, शिक्षिका, पिशवी घेऊन आलेला तो, दाराशी बसलेल्या मावशी आणि सतरंजीवर मुलं. मी उभा राहिलो आणि लिहून आणलेला कागद वाचला. “पंधरा वर्षांपूर्वीचं माझं निवेदन खोटं आहे. यंत्रांत एकही चोरीचा खेळ नव्हता. सर्व प्रोग्राम या गृहस्थांनी स्वतः लिहिलेले आहेत आणि ते टाकण्याची लेखी परवानगी मी दिली होती. मी भीतीपोटी खोटं लिहिलं.” एवढ्या वर्षांत इतका मोकळा श्वास मी घेतला नव्हता.

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. “खेळ त्यांचेच कशावरून?”

त्याने पिशवीतून शाळेच्या एकवीस वह्या काढून टेबलावर रचल्या. पेन्सिलीने लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. अध्यक्षांनी एक उघडली, दुसरी उघडली. “बरं. आणि परवानगीचा पुरावा?”

“पुरावा नाही,” मी म्हणालो. “माझा शब्द आहे, आणि त्याची किंमत किती, ते तुमच्यासमोर फाइलीत आहे.”

तो पुढे आला. एक यंत्र घेऊन त्याने माझ्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग यंत्राकडे वाकून म्हणाला, “अहो, उठा. हेडसर येल शेतस.”

पडदा उजळला. ना कोंबडी, ना ढग. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मी वाचण्याआधीच सतरंजीवरची सगळी मुलं रोजच्या सवयीने एका सुरात ओरडली :

“हे खेळ हेडसरांच्या परवानगीने!”

मावशी पदर तोंडात धरून हसत होत्या. शिक्षिका मला हळूच म्हणाली, “सर, या शाळेत पंधरा वर्षं प्रत्येक मूल मराठीतलं पहिलं वाक्य हेच वाचायला शिकलंय. मीसुद्धा.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो खांदे उडवून म्हणाला, “चिठ्ठी हराई जास. यंत्रमा लिखेल हरावत नही. तुम्ही येक डाव तरी चालू करी दखतात!”

अध्यक्षांनी माझ्या हातातून यंत्र घेतलं, खेळ सुरू केला आणि पहिल्याच चित्राला चुकले. मावशींचा ओरडा यंत्रातून असा बाहेर आला, की साहेब दचकून दाराशी बसलेल्या खऱ्या मावशींकडे बघू लागले. वर्ग लोळून हसला. त्यांनी हट्टाने पुन्हा खेळून दहा उत्तरं बरोबर आणली, आणि काठीचा ढोल वाजला तेव्हा तेही टेबलावर बोटांनी ठेका धरत होते. भंगाराच्या यादीतून बारा यंत्रं तिथल्या तिथे खोडली गेली. माझं जुनं निवेदन रद्द करून नवं फाइलीत लागलं, त्याच्या वह्यांच्या उल्लेखासह.

बाहेर व्हरांड्यात शिक्षिकेने त्याला चहा दिला. वाफ येत होती, आणि तो लगेच प्यायला. मग पिशवीतून त्याने नव्या पिढीचं ते यंत्र काढलं.

“हेडसर, याले उघाडनं शे. चिठ्ठी द्या.”

“मी आता हेडसर कुठे आहे? नव्या सरांकडून घ्या.”

“त्यासनी लिधी सकाळेच. तुम्हनीबी पायजे.”

एका मुलाच्या वहीचं मागचं पान मिळालं. त्यावर मी लिहिलं, ‘परवानगी आहे. ही परवानगी पूर्वीही होती.’ खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि तारीख टाकली. त्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली, नीट घडी केली आणि खिशात न ठेवता मसाल्याच्या डब्यात, हळदीच्या वाटीखाली सरकवून झाकण लावलं.